माझ्या भावाची दारू देवाने ठरवली होती का?

सावेडीची

मी नगरची. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. गेल्या जुलैत माझा मोठा भाऊ गेला. वय ४६, लिव्हर. दारू.

मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "याच्या जन्माआधीच देवाने हा दिवस ठरवला होता." आईने माझा हात घट्ट धरून मान हलवली. तिला त्या वाक्याचा आधार झाला, हे मी पाहिलं. मला झाला नाही. कारण आदल्या रात्री अंगणात बसलेली आमचीच माणसं म्हणत होती, "स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं त्याने." सकाळी तीच माणसं पाळकसाहेबांच्या बोलण्याला आमेन म्हणाली. यातलं खरं कोणतं?

दादा चर्चमध्ये पेटी वाजवायचा. दर रविवारी पेटी घरून स्कूटरवर न्यायची, उपासना झाली की परत आणायची. त्या पेटीच्या खोक्यात, तळाला घातलेल्या लाल कापडाखाली, त्याची चपटी असे. मला ती पहिल्यांदा सापडली तेव्हा तो ओरडला नाही. खाली बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, मला नको असते गं ती." तो माझ्यापेक्षा मोठा, पण मला ताईच म्हणायचा.

त्याने तीनदा सोडली. एकदा तर १४ महिने. मला विचारायचं आहे ते त्या १४ महिन्यांबद्दलच. ते त्याचे होते की देवाचे? त्याचे म्हणावे, तर पंधराव्या महिन्यातही तो करू शकला असता आणि त्याने केलं नाही, म्हणजे दोष त्याचाच. देवाचे म्हणावे, तर देवाने दिलेलं परत का घेतलं? कृपा करून "देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत" एवढंच लिहू नका. ते मी वर्षभर ऐकते आहे.

निवृत्त मास्तर, राहुरी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला.

आधी एक सांगतो, त्याने दुःख हलकं होणार नाही, पण गोंधळ थोडा सुटेल. एकाच तोंडातून दोन्ही वाक्यं का येतात? आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन आलं, १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला. ही काँग्रिगेशनल नावाच्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी, त्यांची मुळं सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणीत. देवाने आधीच निवडलं, नेमलं, हा त्यांचा भर. मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ, अठराव्या शतकातल्या वेस्ली या धर्मोपदेशकाच्या वाटेचा. ते म्हणतात की देवाची कृपा प्रत्येकाकडे आधीच पोचलेली असते, आणि ती घ्यायची की झिडकारायची हे माणसाच्या हातात राहतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा या दोन्ही परंपरांची माणसं एका छताखाली आली. एकाच बाकावर दोन्ही शिकवणी बसल्या आहेत. तुम्ही त्या दोन्ही ऐकल्यात, एक रात्री आणि एक सकाळी.

मी स्वतः पहिल्या बाजूचा. पण "देवाने ठरवलं" म्हणजे "देवाने पाजली" असं आमची बाजू कधीच म्हणत नाही. बायबलमधल्या फारोचं बघा, म्हणजे मिसरच्या राजाचं. तो इस्राएलांना सोडेना, म्हणून देवाने एकामागून एक पीडा पाठवल्या. चौथ्या पीडेपर्यंत दोनदा स्पष्ट लिहिलंय की फारोने आपलं मन कठीण केलं. परमेश्वराने ते कठीण केलं, हे सहाव्या पीडेपाशी येतं. (देवाने मोशेला हे आधीच सांगून ठेवलं होतं, तेही लिहिलेलं आहे, ते मी लपवत नाही.) शास्त्र दोन्ही गोष्टी सांगतं आणि त्यातली एकही खोडत नाही.

दादांच्या "मला नको असते" या वाक्यावर मात्र मी थांबलो. १६०० वर्षांपूर्वी संत ऑगस्टिन या धर्मगुरूने स्वतःबद्दल जवळजवळ हेच लिहिलंय. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेला मान तुकवली की सवय, सवयीला अडवलं नाही की सक्ती. एकात एक अडकवलेल्या कड्या, आणि त्याची साखळी. त्याच काळातला पेलेगियस नावाचा धर्मशिक्षक म्हणत होता की माणसाने मनावर घेतलं तर तो पाप टाळू शकतो. चर्चने ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेत ते नाकारलं. "मनावर घेतलं असतं तर सुटली असती" असं त्या रात्री अंगणात जे बोलले, ते नकळत पेलेगियसची बाजू घेत होते.

आणि मातीच्या वेळी सिद्धांत सांगायचा नसतो. त्या वेळी स्तोत्र वाचायचं आणि जवळ बसायचं.

पापडीकर, वसई

मास्तरांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे १५४७ मध्ये त्रेंतच्या परिषदेने सांगितलं की आदामाच्या पापाने माणसाची इच्छा दुबळी झाली, वाकली, पण विझली नाही. देव हाक मारतो, पहिलं पाऊल त्याचंच असतं, पण ओ आपण द्यायची असते, आणि न देण्याची मोकळीक आपल्याला असते. देवदूत गब्रिएल येशूच्या जन्माचा निरोप घेऊन मरियामातेकडे आला तेव्हा तिने प्रश्न विचारला, "हे कसं होईल?" त्याने उत्तर दिलं. मग ती हो म्हणाली. त्या होकाराला काहीच अर्थ नसता तर तो लिहून कशाला ठेवला असता?

ताई, आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १७३५ क्रमांकाचा परिच्छेद आहे. भीती, बळजबरी, सवय, अनावर ओढ अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी उरतही नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. माझे काका असेच गेले, तेव्हा फादरांनी आजीला घरी येऊन हाच परिच्छेद वाचून दाखवला होता. आजी लिहा-वाचायला शिकलेली नव्हती. तिने त्यांना तो परत वाचायला लावला.

नऊ वर्षं

मला धर्मशास्त्र फार येत नाही. मी पीत होतो. आता नऊ वर्षं झाली, प्यायलेलो नाही.

सहाला कामावरून सुटलो की स्टँडपासून घराकडे दोन रस्ते होते. एक सरळ, सात मिनिटांचा, त्यावर दुकान. दुसरा पुलावरून वळसा घालून, वीस मिनिटांचा. दुकानासमोर पोचलो की माझ्या हातात काही उरायचं नाही. पाय आपोआप वळायचे, पैसे खिशातून कधी निघाले तेही कळायचं नाही. लोक म्हणायचे, "तिथे थांबता आलं नाही का?" तिथे नाहीच येत थांबता. थांबता यायचं ते आधी, पुलापाशी. तिथे माझ्याकडे एक मिनिट असायचं. त्या मिनिटात डावीकडे की सरळ, एवढीच माझी मोकळीक. पण ती खरी होती. दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगमध्ये आम्ही पहिलीच गोष्ट म्हणतो ती ही की दारूपुढे आमचं काही चालत नाही. तेवढं कबूल केल्यावर मला ते पुलाजवळचं मिनिट दिसायला लागलं.

ते मिनिट मला देवाने दिलं असं मी मानतो. वळलो मी. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच पुढे म्हणतो की तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. मला यात भांडण दिसत नाही, माझी रोजची संध्याकाळ तशीच जाते.

तुमच्या दादाने १४ महिने काढले. म्हणजे चारशेहून जास्त संध्याकाळी. देवाने त्यातली एकही परत घेतली नाही. मी स्वतः दोनदा मोडलोय, म्हणून सांगतो. नंतर मोडलं म्हणून आधीचं खोटं ठरत नाही. त्याचा पूल कुठे होता ते आठवून बघा. असणारच.

सावेडीची

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला ती रडली.

पुलाचं वाचल्यावर मी दोन दिवस विचार करत होते. दादाच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर असं काही आठवेना. मग काल स्वयंपाक करताना एकदम आठवलं. त्या १४ महिन्यांत तो पेटी घरी आणत नव्हता. चर्चमध्येच ठेवायचा. "उचलताना कंबर धरते" म्हणायचा. मी त्याच्यावर चिडले होते, की एवढी चांगली पेटी, तिथे उंदीर कुरतडतील, पावसाळ्यात भाते खराब होतील. तर म्हणाला, "होऊ देत. खोकं नको घरात."

खोकं म्हणाला होता तो. मी ऐकलं पेटी.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत चर्चमध्ये रंगकाम निघालं, तेव्हा मीच रिक्षा करून पेटी घरी आणली. खोक्यासकट. हे मी इथेच पहिल्यांदा लिहिते आहे. पापडीकर, तुमचा तो परिच्छेद मला पूर्ण हवा आहे. मराठीत असेल तर इथे टाकाल का?