प्रति: जाहिराती एका बटणात उडवणं
रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमातल्या जाहिराती रिमोटच्या एका बटणात उडवता येतील का असं वर विचारलंय, तर हो, येतात, फास्ट फॉरवर्डच्या नादी लागू नका. टिव्हो (टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा बॉक्स) असेल तर रेकॉर्ड केलेलं काही बघत असताना सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, ३, ०, सिलेक्ट असं ओळीने दाबा, टिंग टिंग टिंग वाजलं की झालं, पुढे उडी मारायचं बटण आता ३० सेकंद पुढे नेतं (जुन्या मॉडेलवर बॉक्स रीस्टार्ट झाला की परत करावं लागतं).

दुसरा बॉक्स असेल आणि त्याला ३० सेकंदाचं स्किप असेल तर लर्निंग रिमोट (दुसऱ्या रिमोटच्या कमांड शिकून घेणारा) घ्या आणि मॅक्रो (एका बटणावर ओळीने भरलेल्या अनेक कमांड) बनवा. ३ मिनिटांच्या ब्रेकला हिशेबाने सहा स्किप होतात पण मी म्हणेन पाचच भरा, शेवटचं हाताने, कारण ब्रेक कमीजास्त असतो आणि ब्रेकनंतरचा पहिलाच सीन हुकला तर फार चिडचिड होते. आणि मुख्य म्हणजे दोन कमांडच्या मधे अर्धा सेकंद तरी डिले टाकाच, नाहीतर बॉक्स एखादी कमांड गिळतो. इन्फ्रारेड रिमोट असेल तर मॅक्रो संपेपर्यंत तो बॉक्सकडेच रोखून धरा. शेजारच्याच बटणावर थोडं मागे जायची कमांड ठेवा, ती लागतेच.