'क्वार्टर' म्हणजे फक्त पाव, हा हट्ट कशासाठी?

शब्दवेल्हाळ
काल 'गणितमित्र' यांनी लिहिलं, की इंग्रजीतल्या क्वार्टर या शब्दाचा खरा अर्थ एकच, एक चतुर्थांश. शहराचा भाग, सैनिकांची राहण्याची जागा, शत्रूला दिलेलं जीवदान हे अर्थ म्हणजे भाषेचा भोंगळपणा, मुलांना ते शिकवूच नयेत. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. एकच अर्थ घोकलेला माणूस कुठे ठेचकाळतो ते रोज बघते. माझ्या एका विद्यार्थिनीला मुलाखतीसाठी 'क्वार्टर ऑफ एट'ला फोन येणार होता, बोलणारी बाई अमेरिकन. हिची पावकी पक्की. आठाचा पाव म्हणजे दोन, म्हणून दुपारी दोनला सज्ज राहायचं ठरवून मोकळी झाली. सकाळी पावणेआठला फोन वाजून बंद पडला, तेव्हा ही आंघोळीला गेली होती. नोकरी गेली. अमेरिकेत बरेच जण पावणेआठला तसंच म्हणतात. पाव तिथेही आहे, पण तासाचा, आठाचा नाही. आपण 'पाव' शिकवतो आणि 'कशाचा' हे सांगायचं राहूनच जातं.

आणि जीवदानाच्या अर्थाला भोंगळ म्हणणं तर फारच झालं. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग करारातलं २३ वं कलम सांगतं, की 'कुणालाही क्वार्टर दिलं जाणार नाही' असं जाहीर करणं निषिद्ध आहे. शरण आलेल्यांच्या जिवाचा प्रश्न ज्या शब्दावर ठरतो, तो मुलांपासून लपवायचा?

गणितमित्र
माझं अर्धंच म्हणणं उचललंत. माझा मुद्दा असा, की शब्दात संख्या असेल तर ती पाळली गेली पाहिजे. अमेरिकन नाणं घ्या: क्वार्टर म्हणजे २५ सेंट, डॉलरचा बरोबर पाव. संगीतातली क्वार्टर नोट, म्हणजे सूर किती वेळ धरायचा ते दाखवणारी खूण, पूर्ण नोटच्या बरोबर पाव. जिथे शिस्त आहे तिथे गोंधळ नाही. जेरुसलेमच्या जुन्या शहराचे चार क्वार्टर आहेत, पण समान एकही नाही. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरचे उरलेले तीन भाग कुठे आहेत, ते कुणी सांगेल का?

मी शाळेत शिकवलंय. एका मुलाने 'फर्स्ट क्वार्टर'चा चंद्र काढताना वर्तुळाची पाव फोड रंगवली. विज्ञानाच्या बाईंनी शून्य दिलं. मुलगा रडत माझ्याकडे आला. नाव पाव, आकाशात दिसतो अर्धा. चूक मुलाची, की असं नाव ठेवणाऱ्यांची?

तारांगणी
नाव ठेवणाऱ्यांची अजिबात नाही. फर्स्ट क्वार्टर हे नाव आकाराचं नाही, प्रवासाचं आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. त्यातला पहिला पाव, म्हणजे सव्वासात-साडेसात दिवस, सरले की अष्टमीच्या आसपास चंद्र तिथे पोहोचतो. शिवाय चंद्र हा गोळा आहे. आपल्याला त्याची एकच बाजू दिसते आणि त्या दिवशी तिचाही निम्माच भाग उजळलेला असतो. गोळ्याच्या हिशेबाने तोही पावच.

गणितमित्र
एका नावाला दोन-दोन समर्थनं द्यावी लागतात, यातच सगळं आलं. आणि प्रवासाचंच नाव असेल तर पौर्णिमेला 'सेकंड क्वार्टर' का म्हणत नाहीत?

तारांगणी
पौर्णिमेला निम्मी वाट संपते, आणि तिला स्वतःचं नाव आधीपासून आहे. म्हणून पुढच्या अर्ध्या चंद्राला थर्ड किंवा लास्ट क्वार्टर म्हणतात, सेकंड नाही. क्रम चोख आहे.

तुम्हाला पाव-अर्ध्याची एवढी काळजी आहे, तर हेही ऐका. त्या अर्ध्या चंद्राचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा नसतो, पावही नसतो. दशांशाच्याही खाली असतो. उन्हं तिरकी पडतात, डोंगर आणि विवरं लांब सावल्या टाकतात. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून सरळ पडतं, सावल्या लपतात. आकार अर्धा, वाट पाव, उजेड दहाव्या हिश्शाहून कमी. यातला कुठला आकडा नावात घालायचा ते तुम्ही ठरवा.

गणितमित्र
दशांशाच्या खाली? मनात येईल ते ठोकून देऊ नका.

तारांगणी
ठोकून देत नाहीये. मी वर्षानुवर्षं दुर्बिणीपाशी बसते. अष्टमीच्या चंद्रापाशी फिकट तारे दिसतात, ते पौर्णिमेला पार बुडून जातात. तुम्ही एकदा रात्री बाहेर पडून बघा, मग माझ्यावर आवाज चढवा.

ताळेबंद
चंद्र राहू द्या हो. या शब्दाने माझी उमेद खाल्ली आहे. मी हिशेब विभागात आहे. आमच्याकडे 'क्वार्टर एंड', म्हणजे तिमाहीची अखेर, म्हटलं की घर, मुलं, झोप सगळं बंद. वरचे साहेब गेल्या क्वार्टरशी तुलना करून विक्री का घसरली म्हणून झापतात. जानेवारी ते मार्चचे दिवस ९०, त्याआधीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरचे ९२. दोन दिवसांची विक्री आधीच कमी, त्याचा जाब मी का द्यायचा? काही कंपन्या ५२ आठवड्यांचं वर्ष धरून १३-१३ आठवड्यांचे समान क्वार्टर पाडतात. हे सुचवलं, तर 'उगाच फाटे फोडू नका' असं ऐकावं लागलं.

जुनापुराणा
ताळेबंदराव, हे दुखणं फार जुनं आहे. इंग्लंडात भाडं भरायचे चार 'क्वार्टर डे' ठरलेले: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. दिवस मोजा. जून ते सप्टेंबर ९७ भरतात, सप्टेंबर ते डिसेंबर ८७. भाड्याचा हप्ता सारखाच. वजनातही तेच. ब्रिटिश क्वार्टर २८ पौंडांचा, कारण त्यांचा हंड्रेडवेट, म्हणजे ज्याचा तो पाव ते मोठं माप, ११२ पौंडांचा. अमेरिकेचा हंड्रेडवेट १०० पौंडांचा, म्हणून त्याचा पाव २५. दोघेही बरोबर पावच म्हणत होते.

ताळेबंद
म्हणजे भाडेकरूंनी दहा दिवसांचा फरक निमूट सोसला, तसा मीही सोसू? वर्ष कुठून सुरू होतं याचाही पत्ता नसतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यांचा पहिला क्वार्टर कॅलेंडरचा शेवटचा. दोन देशांचे अहवाल जुळवताना कुठला 'पहिला' हे प्रत्येक ओळीला विचारत बसावं लागतं. गणितमित्र, तुमची शिस्त आधी इथे आणा.

मधलीफळी
खेळात तरी कुठे आहे शिस्त? क्वार्टर फायनलला संघ आठ असतात. चार आहेत ते सामने. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुली २०१५-१६ पासून चार क्वार्टर खेळतात, मुलं अजून दोन हाफ. आणि अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक हा खेळाडू कशाचाच पाव नाही. तो पुढची फळी आणि मागचा हाफबॅक यांच्या मधे उभा राहतो, म्हणून ते नाव.

गणितमित्र
सगळे मिळून माझ्यावर तुटून पडलात. तुमचं प्रत्येक उदाहरण मीच म्हणतोय ते सिद्ध करतं: शब्द सैल सोडला, म्हणून ९७ आणि ८७ एकाच नावाखाली खपले.

शब्दवेल्हाळ
शब्द सैल नव्हता, हिशेब सैल होता! ८७ दिवसांना क्वार्टर म्हटलं म्हणून भाडेकरू लुबाडला गेला नाही. कशाचा पाव हे विचारायची त्याची ऐपत नव्हती म्हणून लुबाडला गेला. ताळेबंद यांचंही तेच चाललंय. आणि तुम्ही ज्या क्वार्टर नोटचं कौतुक करता, तिथेही तेच विचारावं लागतं. तीन-चतुर्थांश तालात एका मात्राखंडात तीनच क्वार्टर नोट बसतात. ती पूर्ण नोटचा पाव आहे, त्या खंडाचा तिसरा हिस्सा. हे न सांगता शिकवलंत तर मूल तिथेही रडणार.

हा शब्द लॅटिनमधल्या 'चौथा' यावरून फ्रेंचमार्गे आला. चारांतला एक भाग, मग चार दिशांतली एक, मग त्या दिशेची वस्ती, मग राहण्याची जागा. इतकी वाट चालून आलेल्या शब्दाला 'परत जा' म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

गणितमित्र
सूर सांभाळा ताई. मी कुणाला हाकलत नाहीये. 'कशाचा पाव' हा प्रश्न अपूर्णांकांच्या पहिल्याच धड्यात यायला हवा, एवढं मान्य करतो. बास. जीवदान आणि वस्ती गणिताच्या तासाला येणार नाहीत. आणि त्या मुलाला शून्य देणं अन्यायच होता, त्यावरून मी हटणार नाही.

तारांगणी
शून्य देणं चूक होतं, यात मी तुमच्या बाजूने. पण चित्रही चूकच होतं. चकतीचा पाव भाग उजळला, तरी चंद्र कोरीसारखाच दिसतो. सरळ कडांची फोड कुठल्याच तिथीला उगवत नाही. बाईंनी त्याला आठवडाभर चंद्र बघून यायला सांगायला हवं होतं.

ताळेबंद
आणि माझ्या ९० दिवसांचं काय? उद्या पुन्हा तुलनेचा तक्ता मागितलाय. यावेळी विक्रीला दिवसांच्या संख्येने भागून, रोजच्या सरासरीचा वेगळा रकाना घालूनच देणार आहे.