ताण, घबराट आणि घरगुती जडीबूटी: इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

मंडळी, हा धागा भाच्यामुळे काढला. भंवरकुआंला एमपीपीएससीचा क्लास करतो, राहायला आमच्याकडे सुदामानगरात. परीक्षेची तारीख लागली की त्याची झोप जाते, छाती धडधडते, जेवण नको होतं. नणंदबाईंनी ग्वाल्हेरहून ब्राह्मीचं तेल पाठवलंय, समोरच्या भाभी अश्वगंधा द्या म्हणतात, मित्रांनी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा मागवलाय. डब्यांवर काय छापलंय ते मी वाचलं. तुम्ही किंवा घरातल्या कुणी काय घेतलं, कसं घेतलं, पुढे काय झालं, ते हवंय. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा.

रामबागवाले
आमची शेती मनाशाकडे, त्यामुळे असगंधावर, म्हणजे अश्वगंधेवर, बोलायचा थोडा हक्क आहे. पावसाळा सरता सरता हलक्या जमिनीत पेरतात, थंडी संपताना मुळं उपटतात आणि जाडीप्रमाणे निवडून नीमचच्या मंडीत नेतात. मी भुकटी घेत नाही. अख्खी मुळं आणून घरी कुटतो, कारण भुकटीत पाला किती मिसळलाय ते कळत नाही.

वडिलांचं दुकान माझ्या गळ्यात पडलं तेव्हा उधारीच्या काळजीनं रात्र रात्र जागायचो. मग झोपताना कोमट दुधात लहान चमचाभर घ्यायला लागलो. पहिले काही आठवडे काही म्हणजे काही नाही. नंतर झोप लागायला लागली. काळजी होतीच, पण पहाटे उठून उधारीची वही काढून बसणं थांबलं. आपल्याकडे २०१२ मध्ये ६४ जणांवर चाचणी झाली होती, ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस. ताण बराच उतरला म्हणतात. माणसं थोडीच होती, पण आज घेतलं नि उद्या गुण आला असं हे औषध नव्हे, एवढं माझ्या अनुभवाशी जुळतं. दुधाला तबेल्याचा वास येतो, तो मात्र सोसावा लागतो.

टिळकनगरची सून
रामबागवाले काका, आता आमचं ऐका. सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात. भजनी मंडळात कुणी सांगितलं म्हणून मन शांत राहावं यासाठी अश्वगंधा सुरू केली. झालं उलटंच. हात थरथरायला लागले, धडधड, वजन उतरलं. त्यांना वाटलं काळजीच वाढली, म्हणून चमचा आणखी भरून घ्यायच्या! तपासणीत टीएसएच अगदी तळाला (थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की ते उतरतं). डॉक्टरांनी विचारलं, "या गोळीशिवाय दुसरं कुठलं औषध?" सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "छे, काही नाही." दुधातून घेतात ते त्यांच्या लेखी औषधच नाही. मी पर्समधून डबी काढून दाखवली तेव्हा उलगडा झाला. अश्वगंधेनं थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. बंद केल्यावर रिपोर्ट हळूहळू ताळ्यावर आला.

डेन्मार्कनं २०२३ मध्ये यावर बंदीच घातली. मला ते टोकाचं वाटतं. पण थायरॉइड, यकृताचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर न विचारता घेऊ नये.

निवृत्त कंपाउंडर
सियागंजात ब्राह्मी मागा. एक दुकानदार गोल पानांची मंडूकपर्णी देईल, दुसरा बारीक मांसल पानांची जलब्राह्मी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच खपतात, झाडं वेगळी. जलब्राह्मीवरच्या चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीच्या, त्याही साधारण १२ आठवडे चाललेल्या. पुढच्या महिन्यात पेपर असेल तर नाद सोडा. शिवाय काहींना पोटात मळमळतं, जुलाब होतात, परीक्षेच्या तोंडावर ते कुणाला हवंय? तेल खुशाल लावा. त्यात गुण ब्राह्मीचा किती नि चोळणाऱ्या हाताचा किती, या वादात मी पडत नाही.

आणि भाचा दिवसाला चहा किती पितो?

धागाकर्ती
विचारलं. हसला आणि विषय बदलला.

लष्करहून इंदुरात
आमची आजी सहाणेवर जायफळाचे दोन वळसे देऊन दुधात घालायची, त्याहून जास्त नाही. काकांनी एकदा जागरणाला कंटाळून अख्खं जायफळ किसून घेतलं. तोंडाला कोरड, उलट्या, असंबद्ध बोलणं, दुसऱ्या दिवशीही भानावर नव्हते. सराफ्यातल्या दुधाच्या शिकंजीतही जायफळ असतं म्हणा. ती पिऊन येणारी गुंगी जायफळाची की आटीव दुधाची, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

छप्पनवाला
इतकी झंझट कशाला भिया, भांगेची ठंडाई! ठेकासुद्धा परवान्याचा.

टिळकनगरची सून
भांगेनं घबराट वाढते, दादा. होळीला घरोघरी दिसतंच की.

नाव नको
मला घबराटीचे झटके यायचे. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठेही. आता मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली एस्सिटालोप्रॅम ही घबराटीवरची गोळी चालू आहे. अमेरिकेतल्या बहिणीनं सेंट जॉन्स वर्टच्या (उदासीवर घेतात त्या वनस्पतीच्या) कॅप्सूल पाठवल्या, "हर्बलच आहे गं." मी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. दोन्ही एकत्र घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन अति वाढून ताप, कंप, गोंधळ, जिवावरही बेतू शकतं, असं त्यांनी सांगितलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही त्या कॅप्सूल कमी करतात. कॅमोमाइलचा चहा चालेल म्हणाले, फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारून. रोज संध्याकाळी पिते, बरं वाटतं. फुलांनी वाटतं की तेवढा वेळ फोन लांब असतो म्हणून, कोण जाणे.

ताई, भाच्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊन ठेवा. फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.

माळव्यातला
जटामांसी कुणी घेतलीय? इंदुरात खात्रीची कुठे मिळेल?

रामबागवाले
हिमालयात उंचावर उगवते आणि उपटून उपटून आता अतिसंकटग्रस्त यादीत गेलीय. माझ्या ओळखीच्या दुकानदारानं ठेवणंच बंद केलं. कुणी स्वस्तात देत असेल तर भेसळ समजा. तगर (झोपेसाठी देतात ती मुळी, अंगणातलं फुलझाड नव्हे) मिळतो, पण वैद्यांना दाखवून घ्या, आणि झोपेच्या गोळीबरोबर नको.