मदत हवी आहे: फुकट सँडबॉक्समध्ये लॉगिनच होत नाही!! (तातडीचं)

घाईगर्दी:
सकाळपासून डोकं आपटतोय. सँडबॉक्स (प्रयोग करून बघायची वेगळी जागा) घेतला, मेल आली, पासवर्ड ठेवला. तासाभराने परत लॉगिन करतोय तर म्हणे युजरनेम-पासवर्ड तपासा. दोन्ही बरोबर आहेत, कॉपी-पेस्ट करतोय! तीनदा रीसेट मागितला, मेलच येत नाही. उद्या डेमो आहे. सांगा कोणीतरी.

जुनं_खोड:
कशाचा सँडबॉक्स? आम्ही ज्योतिषी नाही.

रात्रपाळी:
फुकटच्या नादी लागूच नका. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) लोकलस्टॅक टाका, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, एडब्ल्यूएसची नक्कल. फायली ठेवायला एस३ म्हणा, कोड चालवायला लॅम्डा म्हणा, सगळं आपल्याच लॅपटॉपवर. मी एका क्लाउडवर मशीन चालू ठेवून विसरलो होतो, महिनाअखेरीला बिल बघून घाम फुटला.

घाईगर्दी:
अहो एडब्ल्यूएस नाही, सेल्सफोर्स, ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं ते! मला वाटलं कळेल.

निळीशाई:
कंपनीच्या प्रॉडक्शन ऑर्गमधून (रोजच्या खऱ्या कामाचं सेल्सफोर्स खातं) काढलात की डेव्हलपर एडिशनला (डेव्हलपरसाठीची फुकट आवृत्ती) साइन-अप केलंत? आणि लॉगिन कुठल्या पानावरून करताय?

घाईगर्दी:
कंपनी कुठली, फुकट साइन-अप केलं. पान टेस्ट डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम. टेस्टिंगच करायचंय ना.

निळीशाई:
तिथेच घोळ आहे. तुमचा सँडबॉक्स नाहीच, डेव्हलपर एडिशन आहे. तिचं दार लॉगिन डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम. टेस्टवाल्या पानाला तुमचं युजरनेम माहीतच नाही, रीसेटची मेल कुठून येणार? आणि युजरनेम नीट बघा. दिसतं ई-मेलसारखं, पण तो तुमचा मेल पत्ता असेलच असं नाही.

रात्रपाळी:
नाव काहीही द्या, शेवटी टेस्टिंगचीच जागा.

जुनं_खोड:
काहीही कसं? सँडबॉक्स म्हणजे प्रॉडक्शनची नक्कल. युजरनेमला शेपटी म्हणून सँडबॉक्सचं नाव चिकटतं. डेव्हलपर एडिशन स्वतंत्र ऑर्ग, तिला सँडबॉक्स काढताच येत नाही. लोकलस्टॅकवाल्यांनी यात पडू नये.

पहिला_बाक:
आधी ट्रेलहेडवर (सेल्सफोर्सची शिकायची साइट) ॲडमिनचे धडे संपवा, मग सर्टिफिकेशन. मी तसंच केलं, फायदा झाला.

घाईगर्दी:
सर्टिफिकेट कोण मागतंय इथे!
शाई, झालं लॉगिन 🙏 पण आता ४००० कॉन्टॅक्ट चढवतोय, अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं आणि स्टोरेज लिमिट एक्सीडेड. फाइल तर एक एमबीचीसुद्धा नाही!

निळीशाई:
फाइलचा आकार मोजतच नाहीत. कॉन्टॅक्टमध्ये एक शब्द असो की शंभर, सरसकट २ केबी धरतात. डेव्हलपर एडिशनला डेटाची जागा ५ एमबी, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास खेळ खलास. सेटअपमध्ये डेव्ह हब चालू करा (एकदा केलं की बंद होत नाही) आणि त्यातून स्क्रॅच ऑर्ग, म्हणजे थोड्या दिवसांचा तात्पुरता ऑर्ग काढा. तिथे २०० एमबी मिळतात. मुदत मात्र आधीच सांगा, नाहीतर ७ दिवसांत गुल. जास्तीत जास्त ३०.

जुनं_खोड:
डेमोला ४००० कशाला? ४० टाका, कोण मोजतंय.

घाईगर्दी:
क्लायंट मोजतो. आकडा त्यानेच दिलाय.
डेव्ह हब चालू झालं, स्क्रॅच ऑर्गही निघाला. याचं लॉगिन लॉगिनवरूनच ना?

निळीशाई:
नाही, याचं टेस्टवरून 😀 पण टर्मिनलमध्ये 'एसएफ ऑर्ग ओपन' द्या, पासवर्डच लागणार नाही.