३/५ मराठा म्हणजे पाचवी डिव्हिजन का?

रायगडचा_पणतू: नमस्कार मंडळी. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांच्या कागदावर ‘३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ एवढंच नीट वाचता येतं. घरात सगळे म्हणतात, ते पाचव्या डिव्हिजनमध्ये होते. पण ती डिव्हिजन १९४४ साली ब्रह्मदेशातल्या आराकानला आणि इंफाळला होती, आणि आजी सांगायची की तिचे वडील इटलीत लढले. दोन्ही खरं कसं असेल?

निवृत्त_सॅपर: तुमच्या घरचेही बरोबर आणि आजीही बरोबर. फक्त कागदावरचा ५ डिव्हिजनचा नाही, रेजिमेंटचा आहे. तेव्हा रेजिमेंटचं नावच ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ होतं आणि ३/५ म्हणजे तिची तिसरी पलटण. हीच पलटण काही काळ पाचव्या डिव्हिजनमध्येही होती, हा निव्वळ योगायोग. त्यात भलेभले फसतात.

रेजिमेंट म्हणजे जवानाचं घर. भरती, ट्रेनिंग, टोपीवरचा बिल्ला, सगळं तिथलं. पण रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही, तिच्या पलटणी जातात. तीन पलटणींची एक ब्रिगेड, तीन ब्रिगेडची एक डिव्हिजन, शिवाय तोफखाना, सॅपर (म्हणजे सैन्यातले इंजिनिअर), सिग्नल, रसद, फील्ड अॅम्ब्युलन्स. युद्धाच्या गरजेप्रमाणे पलटण एका डिव्हिजनमधून काढून दुसरीत देत. मराठ्यांचंच बघा: पहिली पलटण इटलीत आठव्या डिव्हिजनमध्ये, दुसरी चौथ्या डिव्हिजनच्या ११ व्या ब्रिगेडबरोबर जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती पडली, चौथी २३ व्या डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशच्या सीमेवर.

आता पाचवी डिव्हिजन. १९४० च्या सप्टेंबरात सुदानला पोहोचली तेव्हा तिच्याकडे ९ आणि १० अशा दोनच ब्रिगेड होत्या. तिथल्या तीन ब्रिटिश पलटणी तिच्यात घेतल्या, २९ वी ब्रिगेड उभी केली आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश, दोन हिंदी पलटणी अशी मांडणी झाली. ३/५ मराठा ९ व्या ब्रिगेडमध्ये होती. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर डोलोगोरोडोक किल्ल्याखालची ‘पिनॅकल’ नावाची टेकडी रात्री चढून त्यांनी घेतली. ती नसती तर सकाळी वेस्ट यॉर्कशायर या ब्रिटिश पलटणीला किल्ला मिळाला नसता, असं माझं ठाम मत आहे. किल्ल्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं, टेकडीचं कुणी काढत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच मोहिमेत आमच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या टापूतले १५ सुरुंगपट्टे साफ केले आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवला. डिव्हिजनचा इतिहास नुसत्या पायदळाचा नसतो, म्हणून सांगितलं.

पुढे ३/५ दहाव्या डिव्हिजनमध्ये गेली आणि इटलीत उतरली. पाचवी डिव्हिजन मात्र पूर्वेला गेली, आणि मार्च १९४४ मध्ये आराकानहून विमानांनी इंफाळ-दिमापूरकडे हलवली गेली. घरी पदकं असतील तर बघा. आफ्रिका स्टार आणि इटली स्टार असेल तर ते पलटणीबरोबरच राहिले असं धरायला हरकत नाही. बर्मा स्टार असेल तर वेगळा तपास करावा लागेल.

गडवाटा: एक भर. जुन्या फोटोत बाहीवर काळ्या पट्टीत लाल गोळा दिसला तर तो पाचव्या डिव्हिजनचा, तिला ‘बॉल ऑफ फायर’ म्हणत. कृष्णधवल फोटोत गोळा गडदच दिसतो, चटकन नजरेत भरत नाही.

रायगडचा_पणतू: काका, इटली स्टार आहे! आफ्रिका स्टारही आहे. बर्मा नाही. बाहीचा फोटो आत्याकडे आहे, मागवतो.

निवृत्त_सॅपर: मग १० जुलै १९४४ ला इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात काय झालं ते नक्की वाचा. तुमच्याच रायगडचे, माणगाव तालुक्यातले नाईक (हा हुद्दा) यशवंत घाडगे याच ३/५ चे. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारकही झालं.

आणखी एक: आज ‘३ मराठा’ म्हणून शोधलंत तर वाट चुकेल. स्वातंत्र्यानंतर ही पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात टांगाईलला पॅराशूटने उतरली तीच. पुढचा शोध त्या नावाने घ्या.