होळीनंतर दोन रात्रींचा ट्रेक, पुण्याहून कुठे जावं?

डोंगरभाऊ:
मंडळी मदत हवीये. होळी आणि पाडव्याच्या मधल्या एका शुक्रवारी रजा टाकतोय म्हणजे तीन दिवस हातात आहेत. आम्ही चौघं, मी, बायको, मेव्हणी आणि ऑफिसातला एक मित्र, टेंट-सॅक घेऊन दोन रात्री डोंगरातच काढायच्यात, रोज संध्याकाळी गाडीशी परत यायचं नाहीये, सलग चालायचंय. घरची गाडी आहे, फार तर सहा-सात तासांत पायथा गाठता यायला हवा. मेव्हणी पावसाळ्यात सिंहगड, लोहगड करते, दम चांगला आहे पण पाठीवर दहा किलो घेऊन कधी चाललेली नाही. डोक्यात राजगड-तोरणा आहे कारण जवळ पडतं, नाहीतर हरिश्चंद्रगडाची बाजू, नाहीतर साल्हेर-मुल्हेर, साल्हेर २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आल्यापासून बायकोने धरून ठेवलाय. ऊन आणि पाणी, ह्या दोन गोष्टींवर आधी बोला.

कातळकडा:
राजगड-तोरणा आवडता आहे माझा, पण मार्चमध्ये सॅक घेऊन नको. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरलात की पुढे तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत बराचसा भाग उघडा आहे, सावली नाही, गवत वाळून पिवळं पडलेलं, त्याच्याखाली मुरमाचा घसारा, नुसत्या हाताने चालताना पाय सरकतो तिथे पाठीवर वजन असताना काय होईल विचार करा. पाणी राजगडावर आहे, तोरण्यावर आहे, मधल्या धारेवर भरवसा ठेवू नये. दिवाळीनंतर जा, तोच ट्रेक स्वर्ग वाटेल.

मार्च-एप्रिलला मी आधी पाणी बघतो, मग झाडी, गड कुठला ते सगळ्यात शेवटी. त्या हिशोबाने तुमच्यासाठी रतनगड-कात्राबाई खिंड-कुमशेत-पाचनई-हरिश्चंद्रगड ही रेंज. पुणे-आळेफाटा-संगमनेर-अकोले-राजूर असं जायचं आणि गाडी राजूरलाच ओळखीच्या ठिकाणी लावायची, कारण चढणार रतनवाडीतून आणि उतरणार पाचनईत, गाडी रतनवाडीत ठेवलीत तर शेवटच्या दिवशी तिच्यासाठी उलटं फिरून यावं लागेल. राजूरहून जीप ठरवा आणि पाचनईतून परत आणायला कधी यायचं ते त्याच ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, कारण आत गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, दगडातलं नक्षीकाम बघत तासभर सहज जातो. उजाडायच्या आत चढायला लागायचं. रतनगडाच्या शिड्यांच्या खाली वाट फुटते, एक गडावर जाते, दुसरी कात्राबाईकडे. सॅक सोबतच्या वाटाड्याजवळ फाट्याला ठेवून गड आणि वरचं नेढं (कातळातलं आरपार भोक) बघून या, मग खिंडीकडे वळा. जंगल बरं आहे, त्यामुळे दहा-अकराच्या उन्हात सुद्धा चालता येतं, जे राजगड-तोरण्याच्या धारेवर जमत नाही. वाटाड्या मात्र रतनवाडीतूनच घ्या. ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलच्या मॅपवर विसंबून राहू नये. मुक्काम कुमशेतला, गावात सांगितलंत तर जेवणाचं होतं, भाकरी-पिठलं-ठेचा, म्हणजे स्टोव्ह आणि निम्मं सामान घरीच ठेवता येईल. पहिल्यांदा वजन उचलणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे.

बागलाणची_वाट:
साल्हेर माझ्या माहेरचा म्हणून बाजू घेतेच. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि पायथ्याशी १६७२ ला मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं ती जागा. वर गंगासागर तलाव आहे, शेजारी गुहा आहेत, रात्री वारा असा सुटतो की मार्चमध्ये पण स्वेटर लागतो. परशुरामाच्या देवळापाशी सूर्योदयाला उभं राहिलात की समोर शेजारचा सालोटा किल्ला अगदी हाताला लागेल असा. पण खरं सांगू, पुण्याहून नाशिक, सटाणा करत आख्खा दिवस गाडीत जाणार आणि वाघांबेकडून खिंडीत चढताना सावलीचं नाव नाही. चार-पाच दिवस असतील आणि थंडी असेल तर साल्हेर-सालोटा-मुल्हेर-मोरा सगळं एकत्र करा, तीन दिवसांत धावतपळत केलेला मला आवडणार नाही. ह्या वेळी कातळकडा म्हणतात तेच करा.

रानजाई:
कातळकडांच्या प्लॅनला माझं मत, फक्त वेळेचं गणित नीट बसवा. शुक्रवारी सकाळी पुणं सोडलंत तर पहिली रात्र रतनवाडीत, दुसरी कुमशेतला, आणि रविवारी सकाळचा गार वेळ पाचनईला पोचण्यातच संपेल, मग हरिश्चंद्रगड भर उन्हात चढायचा का? नको. एकतर गड सोडून द्या, नाहीतर गुरुवारी दुपारी निघा. गुरुवारी रात्री रतनवाडी, शुक्रवारी कुमशेत, शनिवारी संध्याकाळी ऊन कललं की पाचनईतून वर. वर देवळाजवळच्या टाक्यातलं पाणी गार असतं, तरी गाळून उकळूनच प्या. माझा स्वतःचा हिशोब माणशी चार लिटर, ओआरएस वेगळं.

हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे टेंट कुठे लावू देतात, कड्याजवळ परवानगी आहे का, हे निघायच्या आधी वनविभागाकडे विचारा आणि ते सांगतील तसंच करा. चूल, शेकोटी अजिबात नाही. एक ठिणगी पडली की वाळलेल्या गवतातून वणवा डोंगरभर जातो आणि त्या दिवसांत पक्ष्यांची घरटी, पिल्लं सगळं त्यातच असतं, मला ह्या गोष्टीचा मनापासून राग येतो. दुसरं म्हणजे आग्यामोहोळं. कपारीत, गुहेच्या तोंडाशी, झाडावर लटकलेली दिसली की आवाज बंद, अत्तर-डिओ घरीच, आणि धूर करून माश्या उठवायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही.

आणि कुसुंब बघा! ह्या दिवसांत त्याला नवी पालवी येते, पानं इतकी तांबडी की लांबून फुलंच वाटतात, उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघितलं तर पानाची शीर न शीर दिसते. काटेसावर फुलली असेल तर तिच्याखाली दहा मिनिटं शांत बसा, बुलबुल, मैना, कोतवाल, सगळे तिथेच जेवायला येतात.

डोंगरभाऊ:
वा, ह्याच्यासाठीच विचारलं होतं. बायकोला साल्हेर डिसेंबरचा कबूल केला, ती खूष. गुरुवारी हाफ डे टाकतो मग. मेव्हणीच्या पाठीवर किती द्यावं? आणि तारीख पाडव्याच्या अगदी आधीची घेऊ का होळीनंतर लगेच?

कातळकडा:
तिला सात किलोच्या वर नको, टेंट तुम्ही दोघं वाटून घ्या. आणि पाणी धरून सात बरं का, पाणी वेगळं मोजलं की सॅक नकळत अकरा किलोची होते. आत्ताच दोन-तीन रविवार तीच सॅक भरून पर्वती नाहीतर सिंहगड करायला लावा, पट्टा कुठे काचतो ते घरीच कळलेलं बरं.

रानजाई:
होळीनंतर लगेचचा वीकेंड घ्या, तेवढंच ऊन कमी. चंद्र पौर्णिमेनंतर रोज उशिरा उगवतो, म्हणजे संध्याकाळी अंधार आणि पहाटे चालायला लागाल तेव्हा उजेड, तुम्हाला तेच हवंय. पाडव्याच्या तोंडावर अमावास्या येते, तारे सुरेख दिसतात पण पहाटेच्या चढाला चौघांकडे चार हेडटॉर्च लागतील. जीपवाल्याशी मात्र ह्या आठवड्यातच बोलून घ्या, होळीच्या आसपास गावाकडे गाड्या मिळत नाहीत.