‘शिळाछाप’ की ‘शिलामुद्रण’? आणि ‘अमूर्त’चं काय करायचं?

रेघोटी: चित्रांवरच्या एका टिपणाचा अनुवाद करतेय आणि दोन शब्दांवर अडलेय. चित्र रशियन चित्रकार कँडिन्स्कीच्या ‘क्लाइने वेल्टेन’ (छोटी विश्वं) या १९२२ सालच्या १२ चित्रांच्या संचातलं. संचातली काही चित्रं दगडावरून छापलेली, काही लाकडी ठशावरून, काही तांब्याच्या पत्र्यावरून. माझं दगडावरचं, रंगीत. मी लिहिलं ‘अमूर्त रंगीत शिलामुद्रण’. संपादकांनी ‘अमूर्त’ खोडून ‘अप्रतिरूप’ केलं, म्हणजे कशाचंही प्रतिरूप नसलेलं. घरी बाबा म्हणाले, शिळाछाप म्हणायला काय झालं? खरं तर ‘अमूर्त’ मलाही टोचतं. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, तिरक्या काळ्या रेघा, एकावर एक चढलेले रंग, सगळं डोळ्यांसमोर आहे. मग अमूर्त काय?

शाईवाला: बाबांचं बरोबर आहे. माझे वडील गिरगावात लिथो, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या, छापखान्यात होते. लहानपणी मी तिथे दगड घोटताना पाहिलेत. एका दगडावर दुसरा ठेवायचा, मध्ये वाळू आणि पाणी, आणि गोल गोल फिरवत राहायचं. जुनं चित्र गेलं की दगड नव्याने तयार. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, तेही उलटं. छापताना ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघेला धरते. रंगागणिक वेगळा दगड. आठ रंगांचा गणपती म्हणजे आठ दगड, आणि एकाची जुळणी केसभर चुकली तर देवाचा डोळा गालावर. त्या कामगारांच्या तोंडी ‘शिलामुद्रण’ मी कधीच ऐकलं नाही.

पदच्छेद: कामगार म्हणत नसत म्हणून शब्द टाकायचा? ‘शिलामुद्रण’वरून शिलामुद्रक, शिलामुद्रित असे शब्द सहज होतात. ‘शिळाछाप’चं काय करणार? आणि आजच्या मुलांना ‘शिळा’ म्हटलं की कालची पोळी आठवते.

वऱ्हाडी काका: मूळ एकच आहे ना! पोळी दगडासारखी कडक झाली की शिळी.

पदच्छेद: नाही हो काका. शिळी पोळी ‘शीतल’वरून, म्हणजे थंड झालेली. दगडाची शिळा ‘शिला’वरून. उच्चार जुळले, कुळं वेगळी.

वऱ्हाडी काका: आमच्या आईने मला असंच सांगितलं होतं. ती पाट्यावर वाटण वाटताना शब्द सांगायची. मी तिचंच धरून चालणार.

मळवलीकर: रंगीत शिळाछाप म्हटलं की मला रविवर्म्याची लक्ष्मी दिसते. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या आमच्या मळवलीला आला. घरोघरच्या भिंतींवरचे देव दगडावरूनच उतरले. त्यांना सगळे ‘तसबीर’ म्हणत. कँडिन्स्कीचं चित्र तसबीर होईल का?

रेघोटी: तसबिरीत कोणीतरी असावं लागतं. इथे कोणी नाही, म्हणून तर मला ते आवडतं. लक्ष्मी पाहताना मी लक्ष्मीला पाहते, लाल रंग तिच्या साडीचा होतो. इथे लाल कोणाचाच नाही. काळ्या रेघेला भिडतो तिथे तो पुढे सरकल्यासारखा वाटतो, पिवळ्याशेजारी दबतो. तेवढंच पाहत मी अर्धा तास बसू शकते. ‘अमूर्त’ वाचलं की लोक लपलेला अर्थ शोधायला लागतात, हे माझं दुखणं आहे.

कोरा कॅनव्हास: चित्रकार वासुदेव गायतोंडेही आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणं टाळत. त्यांना पसंत होता तो शब्द मराठीत ‘वस्तुनिरपेक्ष’ असा होईल. काही जण ‘केवलाकारी’ म्हणतात. मला तो सर्वांत जवळचा वाटतो: केवळ आकार, दुसरं काही नाही.

पदच्छेद: पण त्यात रंग कुठे गेला? तुमचा लाल तर आकारात मावत नाही. ‘अमूर्त’ रुळलाय, राहू द्या.

शाईवाला: ‘मुद्रण’ही रुळलंय म्हणता, पण अजून सगळे ‘छापून आणा’ असंच म्हणतात.

मळवलीकर: ‘घोटणे’वरून आठवलं. आमच्याकडे अक्षर घोटून घ्यायचे, म्हणजे गिरवून. हे दगडाच्या घोटण्यातून आलं, की औषध खलात घोटतात त्यातून?

वऱ्हाडी काका: वरण घोटतात त्यातून!